बाबांच्या गाऱ्हाण्याचं कार्ड

चारकोप, सेक्टर ३
रविवार, ८ जून २०२५

रेवती,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पाकिटावर 'श्री. नंदकुमार यांस' असं लिहिलंयस. सख्ख्या भावाला. असो. फोनवर तुझा नंबर मीच बंद करून ठेवलेला आहे, तेव्हा तू कागदावर विचारलंस ते ठीकच, आणि मीही कागदावरच उत्तर देतो.

खाली मिथुनरावांनीही दोन ओळी लिहिल्यात. 'दादा, गाऱ्हाणं म्हणजे तक्रार ना? मग देवासमोर तक्रार कशाची करतात?' त्यांना सांग, आमच्या कोकणात त्याचा अर्थ वेगळा. आरती झाली की घरातला वडीलधारा गणपतीसमोर हात जोडून उभा राहतो आणि मालवणीत घरातल्या एकेकाचं नाव घेऊन त्याच्यासाठी मागणं मागतो. प्रत्येक मागण्यानंतर बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ज्याचं नाव आलं तो घरातला. तू लग्न करून घाटकोपरला गेलीस २०११ साली. त्यानंतर बाबांच्या गाऱ्हाण्यात तुझं नाव आलं नाही, हे तुलाही माहीत आहे.

आता मुद्दा. २०२२ च्या गणपतीत बाबांनी घातलेलं गाऱ्हाणं मी कॅमेऱ्यात घेतलं होतं. ते त्यांचं शेवटचं. त्यात त्यांनी तुझं नाव घेतलं असं वनमाला मावशी तुला म्हणाली, आणि ते खरं का एवढंच तुला कळायला हवंय. तुझ्या घरी गणपती बसत नाही, तू देवासाठी विचारत नाहीयेस, हे मला समजतं.

मावशी एक्क्याऐंशीची आहे. परवा तिच्याकडे गेलो तर मला म्हणाली, "बस जरा, काशीराम आताच बाजारात गेलो." बाबांना जाऊन अडीच वर्षं झाली. तिच्या बोलण्यावर किती जायचं ते तू ठरव.

कार्ड माझ्याकडे आहे. आठ जीबीचं मायक्रो कार्ड. तुझं पत्र आल्यावर ते कपाटातून काढून रीडरला लावलं, तर काही दिसत नाही. मोबाइलला लावलं, नाही. तीन वेगवेगळे रीडर लावून पाहिले. आकार शून्य दाखवतं. मेमरी कार्डं अशी बसल्या जागी मरतात, विशेषतः दोन-दोन वर्षं पडून राहिली की. तो कोणाचा दोष नसतो.

अंधेरीच्या कोण्या डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे ते द्यावं असं तू सुचवलंयस. रेवती, त्या अंधेरीवाल्यांच्या हातून जी कार्डं सुटतात ती शेवटी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये माझ्या गाळ्यात येतात. मी बारावी नापास, हे तू विसरली नसशील. टीव्ही दुरुस्तीपासून सुरुवात केली, रशियन माणसांनी काढलेले चिपचे नकाशे बघून बघून शिकलो, त्यातलं एक अक्षर वाचता येत नसताना. कार्ड बाहेर जाणार नाही. मीच करीन. वेळ लागेल.

नंदकुमार


रविवार, २९ जून २०२५

रेवती,

'कार्ड कशामुळे गेलं, आधी त्यात काही केलं होतंस का', असं तू विचारलंयस. प्रश्न बरोबर आहे. मीही गिऱ्हाइकाला पहिला हाच विचारतो, आणि गिऱ्हाईक पहिल्या वेळी कधीच खरं सांगत नाही.

आधी काम कुठवर आलंय ते सांगतो. या कार्डात एक मुनीम असतो आणि एक गोदाम. कुठला माल कुठे ठेवलाय ते मुनिमाला ठाऊक. आपल्या कार्डातला मुनीम मेलाय, गोदाम शाबूत आहे. तेव्हा पुढच्या दाराने जाता येत नाही, भिंत फोडावी लागते. कार्डाच्या पाठीवरचा काळा थर काचतंतूच्या पेनाने खरवडायचा. दाब जास्त पडला तर खालचा तांब्याचा बिंदूच उडतो, मग संपलं. मला खरवडायला दोन रविवार लागले. इस्टेट रविवारी बंद असते, शेजारच्या प्रेसमुळे टेबल हादरत नाही, म्हणून रविवार. खाली अठरा बिंदू मिळाले. प्रत्येकावर केसाहून बारीक तार जोडायची. चौदा जोडून झाल्यात. या वयात भिंगाखाली हात कापत नाही, एवढं अजून आहे.

तुझी वहिनी जान्हवी डबा घेऊन आली होती. भिंगातून पाहिलं आणि म्हणाली, "अगो बाई, हे तर आयसीयूत ठेवल्यागत दिसतंय."

मी म्हटलं, "हात लावू नकोस."

"मी कशाला लावू? लावायचा तो तुम्ही आधीच लावलाय."

तिला म्हटलं तू घरी जा.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. कार्ड माझ्याकडून एकदा फॉरमॅट झालं. बाबा गेल्यावर, तेराव्याच्या दिवशी. कॅमेरा तोच होता, कार्ड आत तेच राहिलं, चुकून बटण दाबलं गेलं. त्यावर मी तेराव्याला आलेल्या लोकांचे आणि पंगतीचे चौसष्ट फोटो काढले. फॉरमॅट केल्याने आतलं पुसलं जात नाही, फक्त यादी फाटते. पण नंतर काढलेला प्रत्येक फोटो जुन्या जागेवर बसतो. म्हणजे बाबांच्या गाऱ्हाण्याचा काही भाग त्या फोटोंखाली गेला असणार. किती, ते आत गेल्याशिवाय कळणार नाही.

तू मला बोल लावशील. लाव.

गाऱ्हाणं घातलं तेव्हा घरात कोण कोण होतं, असंही विचारलंयस. बाबा, मावशी, जान्हवी आणि कॅमेरा धरून मी. लेक रुचिरा नव्हती. तिचं लग्न त्याच मे महिन्यात झालं होतं, पहिला गणपती सासरी बोरिवलीला. जान्हवीला तू फोन केलास आणि ती 'भावाला विचार' म्हणाली, हे तुझ्याच पत्रातून मला कळलं. तिने घरात सांगितलं नाही.

नंदकुमार


रविवार, २० जुलै २०२५

रेवती,

तुझ्या पत्रात यावेळी एकच ओळ. 'कार्ड राहू दे, तू तिथे उभा होतास ना, तू काय ऐकलंस?'

माझं लक्ष चित्राकडे होतं. समईचा उजेड थेट भिंगात येत होता, बाबा सारखे डुलत होते. कॅमेरा धरणारा माणूस ऐकत नसतो. लग्नातले फोटोग्राफर विचारून बघ, मंगलाष्टकं कोणी म्हटली ते त्यांना सांगता येणार नाही.

काम सांगतो. अठराच्या अठरा तारा बसल्या. गोदाम पूर्ण वाचून झालं, साडेसात जीबी, अकरा तास सलग. पण आतला माल जसाच्या तसा ठेवलेला नसतो, मुनीम तो पिसून ठेवतो. पिसायची पद्धत प्रत्येक कंपनीची निराळी. ती उलटी फिरवायची. पाच दिवस नुसता चिखल दिसत होता. सहाव्या दिवशी एक फोटो उघडला. अर्धा करडा, अर्ध्यात मोदकाचं ताट आणि ते धरलेले हात. हात बाबांचे. डाव्या अंगठ्याचं नख गिरणीत गेलं होतं ना, त्यावरून ओळखले.

मी उठून बाहेर गेलो. इस्टेटच्या चहावाल्याने विचारलं, "क्या हुआ सेठ, पार्टी का डेटा गया क्या?" मी म्हटलं, मिला.

आणखी एक. मागच्या पत्रात 'चुकून बटण दाबलं गेलं' असं लिहिलं होतं. तो कॅमेरा फॉरमॅट करायचा तर मेन्यूत चार वेळा खाली जावं लागतं आणि दोनदा होकार द्यावा लागतो. चुकून होत नाही. मी तुझ्याशी तेवढं खोटं बोललो. कारण आज लिहीत नाही.

नंदकुमार


३ ऑगस्ट २०२५

रेवती,

कार्डाचं काम संपलं. गाऱ्हाणं पूर्ण मिळालं नाही. सुरुवातीचा सगळा तेराव्याच्या फोटोंखाली गेलाय, आणि शेवटी जे थोडं उरलंय त्यात तुझं नाव नाही. मी माझ्याकडून शक्य ते सगळं केलं. आता हा विषय दोघांनी मिटवावा हे बरं.

नंदकुमार


रविवार, १० ऑगस्ट २०२५

रेवती,

तुझं पोस्टकार्ड शुक्रवारी आलं. 'बरं. एवढी मेहनत घेतलीस, आभार.' बस. मला वाटलं होतं तू भांडशील. लहानपणी कॅरममधली क्वीन मी लपवली तर अख्खी चाळ गोळा करायचीस. तू माझे आभार मानलेस. ते पोस्टकार्ड शर्टाच्या खिशात ठेवून मी दिवसभर गाळ्यात बसलो आणि एकही काम हातून झालं नाही. शेवटी हा कागद घेतला.

गेल्या रविवारचं पत्र खोटं आहे.

मी आता सुरुवातीपासून लिहितो. क्रम चुकला तर सांभाळून घे.

बाबा गेले ९ जानेवारीला. तू डहाणूकरवाडीला स्मशानाच्या फाटकाशी उभी होतीस, मिथुनराव रस्त्यापलीकडे. आत यायचं की नाही ते तू मला विचारलंस. विचारलंस, म्हणजे तेव्हाही तू मला मोठा मानत होतीस. मी तुला आत घेतलं. आणि सगळं आटोपून निघताना तू विचारलंस, "दादा, बाबा शेवटी माझ्याबद्दल काही बोलले का रे?" मी म्हटलं, "अकरा वर्षांत तुझं नाव काढलं नाही त्यांनी." तू रस्ता ओलांडून गेलीस. मिथुनरावांनी तुझ्या हातातली पिशवी घेतली, ते मी पाहिलं.

त्यांनी नाव काढलं होतं. चार महिन्यांपूर्वी, देवासमोर, माझ्या कॅमेऱ्यात.

घरी आल्यावर ते कार्ड मला खुपायला लागलं. कोणी कधी लावून पाहिलं तर? तेराव्याला पाहुणे यायच्या आधी मी मेन्यूत चार वेळा खाली गेलो आणि दोनदा हो म्हटलं. या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असतं की असं पुसल्याने जात नाही. खरोखर नष्टच करायचं असतं तर पक्कड पुरे होती. ते माझ्याने झालं नाही. ठेवायची हिंमत नव्हती आणि मोडायचीही नव्हती, म्हणून वरून फोटो काढत बसलो. चौसष्ट. पंगतीत पुरीवाढप चाललेलं असतानासुद्धा काढत होतो. लोकांना वाटलं, वडलांच्या आठवणीसाठी काढतोय.

का, ते सांगतो. तू लग्न केलंस तेव्हा बाबा दोन दिवस जेवले नाहीत, एवढंच. दार बंद केलं ते मी. मिथुनरावांची जात घरात पहिल्यांदा उच्चारली तीही मी. सेक्टरमधले लोक काय म्हणतील, उद्या रुचिराला कोण करून घेईल, हे सगळं मीच बाबांच्या डोक्यात भरलं आणि मग अकरा वर्षं सांगत फिरलो की बाबांना चालत नाही. त्या अकरा वर्षांत त्यांची गोळ्याऔषधं, डायलिसिसच्या फेऱ्या, आंघोळ, सगळं मी केलं. त्याचा मला अभिमान होता, अजून आहे. आणि त्या दिवशी त्यांनी एका मागण्यात तुला परत घरात घेतलं. मला विचारलं नाही.

मला वाटलं, मग मी काय केलं एवढी वर्षं?

आता कार्डात काय मिळालं ते. गाऱ्हाणं एकूण चार मिनिटं पाच सेकंदांचं होतं. पहिली दोन मिनिटं सतरा सेकंदं गेली. कायमची गेली. मी चिपमधली रद्दीसुद्धा पानपान तपासली, कारण कधीकधी जुनं पान मागे उरतं. नाही उरलं. बाबांनी 'रेवती' म्हटलं ती जागा फोटो नंबर त्रेसष्ट-चौसष्टच्या खाली आहे. चौसष्टावा फोटो रिकाम्या पंगतीचा आहे, उष्टी पानं आणि कोणी नाही. तो काढायची काहीच गरज नव्हती.

उरलं ते एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. चित्र मधून मधून फाटतं, आवाज सलग आहे. मी ते शंभरदा तरी ऐकलंय. शब्द असे आहेत.

पहिला आवाज माझा. "बाबा, तिचं नाव नको."

मग मावशी, हसून. "अरे, घेवंदे त्येंका."

मग बाबा. "गाऱ्हाणा माजा आसा. तू गप रव." त्यानंतर चार सेकंद काही नाही, नुसता श्वास. त्यांना दम लागायचा तेव्हा. मग, "बा देवा म्हाराजा, तिका आणि तिच्या घोवाक, जंय आसतीत थंय सुखी ठेव. माज्या घराचा दार तिका बंद झाला, ता माज्या हातान झाला, त्येचो दोष तिच्यार नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा." दोन आवाज आहेत. मावशीचा आणि जान्हवीचा. मी नीट वेगळे करून पाहिले. तिसरा नाही.

पुढे गुरंढोरं, गावची वाट, वाडीतले शेजारी, नेहमीचं.

रेवती, बाबा म्हणाले दार त्यांच्या हाताने बंद झालं. ते खरं नव्हतं आणि त्यांना ते माहीत होतं. मी कॅमेरा धरून समोर उभा होतो आणि त्यांनी ते स्वतःवर घेतलं. त्यानंतर कॅमेरा हलतो. तिथे चित्र खराब झालेलं नाही, ते तसंच घेतलं गेलंय.

गेल्या आठवड्यात तुला 'नाव नाही' असं लिहिलं ते शब्दशः खरं होतं. मी तेवढ्या शब्दाचा आधार धरला. शिवाय दुसरीही एक तयारी केली होती, तीही सांगतो. माझा आणि मावशीचा आवाज आणि बाबांचं 'गप रव' अशी पहिली अकरा सेकंदं कापून मी निराळी फाइल केली होती. दोन मिनिटांचं काम. ती ऐकली तर कोणीही म्हणेल, काशीराम नातीसाठी आणि तिच्या नवऱ्यासाठी मागतोय, रुचिराचं नुकतंच लग्न झालं होतं. दाराचं वाक्य तेवढं आड येत होतं. तेही काढता आलं असतं. मी ते काढायला कर्सर नेऊन ठेवला होता.

जान्हवी मागे उभी होती, मला कळलं नाही. ती म्हणाली, "मी ऐकलं होतं हो तेव्हा. व्हय म्हाराजा पण म्हटलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? आणि नणंदेला मी सांगायचं, आणि तुम्ही सुटायचं, असं होय?"

मी ती फाइल पुसली. यावेळी पूर्ण पुसली, परत मिळणार नाही अशी.

तू मला एवढंच विचारलं होतंस की बाबांनी तुझं नाव घेतलं का. घेतलं. मी ऐकलं. पण माझ्या सांगण्यावर तू का विश्वास ठेवावास? या दोन महिन्यांत मी तुला चार पत्रं लिहिली, त्यातल्या एकातही पूर्ण खरं नव्हतं. मावशीच्या बोलण्यावर जाऊ नकोस असं सुचवलं, आणि सगळ्यांत खरं तीच बोलत होती. तेव्हा माझ्यावर नको, फाइलवर ठेव. ती 'तिका' म्हणजे कोण, हे त्यात फक्त एका गोष्टीवरून ठरतं. मी जिचं नाव नको म्हटलं तीच ती. घरात दुसऱ्या कोणाचं नाव मी नको म्हणणार होतो?

सोबत पेन ड्राइव्ह आहे. त्यात एकच फाइल. टीव्हीला लावलीस तरी चालेल, मिथुनरावांसमोर लावलीस तरी चालेल. मूळ कार्ड तारांसकट डबीत बंद करून ठेवलंय. दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायचं तर मागव, अंधेरीला दे, मी काही म्हणणार नाही.

घरी ये असं लिहीत नाही. तो अधिकार मी ठेवलेला नाही.

ऐकताना एक लक्षात ठेव. कॅमेरा माझ्या हातात होता म्हणून माझा आवाज अगदी जवळून आणि मोठा येतो, आणि बाबा खोलीच्या त्या टोकाला असल्यामुळे फार लांबून. माझं ऐकून आवाज कमी करशील तर बाबा ऐकू येणार नाहीत. आवाज पूर्ण वाढवूनच लाव. माझं तेवढं ऐकावं लागेल.

नंदकुमार